स्किन कलर

पाकिटावर छापलं होतं, स्किन कलर.
फोडलं तर आत गुलाबी.
कुणाची कातडी ही, दादांनी विचारलं,
आणि उत्तराची वाट न पाहता दाभणात दोरा ओवला.
लेबर कॅम्पच्या नाक्यावर त्यांची पेटी.
कातडीच्या बाबतीत त्यांना फसवणं शक्य नव्हतं.
शेळीची, म्हशीची, चुन्यातून काढलेली, उन्हात कडक झालेली,
नुसतं बोट फिरवून सांगायचे.

मी तेव्हा नऊ वर्षांची.
खोरशेद मिस दर शनिवारी कुलाब्याच्या हॉलमध्ये
महापालिकेच्या शाळेतल्या सहा जणींना फुकट शिकवायच्या.
पाच जणी दिवाळीपर्यंत गळल्या.
मी राहिले, कारण तिथली जमीन लाकडाची होती
आणि उडी मारली तर
खालच्या मजल्यावरून कुणी ओरडत नव्हतं.

प्लिए म्हणजे गुडघे वाकवणं.
आईने मोरीत करून पाहिलं, हातात धुणं तसंच.
म्हणाली, हे तर रोजचंच. ह्याचे पैसे घेतात?

पॉइंटचे बूट विलायतेहून यायचे.
एक जोडी म्हणजे दादांचा दीड महिना.
आठवड्यात मेली की दादा तिला उठवत,
खळ, गोणपाट, आतून बारीक टाके.
मग बाकीच्या मुलीही जोड्या पाठवू लागल्या,
ड्रायव्हरच्या हाती, पिशवीत, गाठ मारून.
बूट म्हणजे बूट, दादा म्हणायचे,
नाचो नाहीतर चालो.

कंपनीत मला चेटकीण मिळाली, तीनदा.
जिप्सीण. अरबी दासी. एकदा वादळ.
पांढऱ्या पक्ष्यांच्या रांगेत मी चोविसावी,
विंगेला चिकटून,
आणि मेकअपवाली मानेवर पावडर थापताना पुटपुटायची,
सॉरी हं, वरून आलंय.
वरून म्हणजे कुठून,
हे मी अकरा वर्षं विचारलं नाही.

बाराव्या वर्षी पुसली.
ओल्या टॉवेलने. दुसरी घंटा झाली होती.
दादांनी रंगवलेले बूट घातले,
डार्क टॅन दोन बोटं, काळा जेमतेम नखभर,
माझ्या मनगटावर घासून पाहिलेला.
आरशात पहिल्यांदाच माझा पाय
मांडीपासून अंगठ्यापर्यंत
घोट्याशी न तुटता
एक रेघ झाला.

नाचले. कुणी उठून गेलं नाही.
सकाळी पत्र आलं, एकसारखेपणाचा भंग.
मी नऊ पत्रं लिहिली.
दहाव्याऐवजी स्वतःच गेले.
विश्वस्तांपैकी एकाने आडनाव विचारलं. सातपुते.
मग गाव. मग, वडील काय करतात?
म्हटलं, तुमच्या अख्ख्या कंपनीचे बूट शिवतात.

इथे थांबले असते तर बरं दिसलं असतं.
पण चहा आला, बिस्किटं आली,
विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.
नियम बदलला चार वर्षांनी.
तोवर माझा उजवा गुडघा गेला होता.
राग येतो.
तो मी टाचेसकट बारवर ठेवते
आणि कपाळ टेकेपर्यंत त्याच्यावर वाकते.

आता शाळेचाच हॉल, बाकं भिंतीला सरकवून.
बार म्हणजे पाण्याचा जुना पाइप.
एकोणीस मुली, दोन मुलगे,
त्यातला एक कुबड्या दाराशी ठेवून येतो
आणि हातांनी असा अराबेस्क काढतो
की मी मोजणी विसरते.

अंटॉप हिलची फिरदौस काल पहिली जोडी घेऊन आली.
रंग भिजलेल्या चिंचोक्याचा.
दादांना हल्ली कमी दिसतं.
त्यांनी तिचं मनगट खिडकीशी नेलं,
उजेडात इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं.
डार्क टॅन उघडली. काळी उघडली.
दोन्ही झाकल्या.
ह्यात थोडा तांबडा लागेल, म्हणाले.
माझ्याकडे नाही. आणतो.
उद्या ये. नाही, परवा.
घाई केली की रंग फाटतो.